अर्ध्या पेटीचा माल : बंदर आणि देश यांमधील एकवट वाहतूक

आमच्या सभासदांपैकीं कित्येकांनीं गेल्या हंगामांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. विचारणारा तासगांवकडील बेदाण्याचा उत्पादक असो, हिंगोलीकडील हळदीचा असो, किंवा कोल्हापुराकडील गुळाचा असो. आशय हाच कीं, परदेशांतून मागणी आहे, भावही बरा दिसतो, परंतु कंटेनर भरेल इतका माल आमच्यापाशीं नाहीं. तेव्हां ह्या व्यापाराच्या वाटेस आम्हीं जावें कीं न जावें? ह्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्यासारखें नाहीं. जावें, परंतु वाटेंत कोठें कोठें पैसा द्यावा लागतो आणि आपल्या मालाबरोबर दुसऱ्या कोणाचा माल प्रवास करणार आहे, हें नीट समजून घेऊन जावें, असें आमचें मत आहे. प्रस्तुत लेखांत तेवढीच माहिती देण्याचा हेतु आहे. वाचकांच्या सोयीसाठीं आरंभींच सांगून ठेवतों कीं, ह्यापुढें 'पेटी' म्हणजे कंटेनर, आणि पेटीच्या आंत रचावयाचें तें 'खोकें'.

थोडथोडा माल एकवटून दूर नेणें ही कांहीं नवी युक्ति नव्हे. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडांतील कापूस लमाणांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून जात असे. एकट्या शेतकऱ्याच्या दोन गोण्यांसाठीं रानावनांतून कोणी शेंकडों मैलांचा प्रवास केला नसता. तांडा होता म्हणूनच त्या दोन गोण्यांस वाट मिळाली. पुढें १८५३ सालीं मुंबई ते ठाणें लोहमार्ग सुरू झाला, १८६३ सालीं बोरघाट आणि १८६५ सालीं थळघाट ओलांडला गेला, आणि १८६७ सालीं गाडी नागपुरास पोंचली. तेव्हां एक नवीच अडचण ध्यानांत आली. सुटा कापूस डब्यांत घातला म्हणजे डबा वजनानें भरण्याच्या कितीतरी आधीं आकारानें भरून जाई, आणि रेल्वेचें भाडें वाऱ्यावर जाई. म्हणून वऱ्हाड-खानदेशांत जागोजाग सरकी काढण्याचे व गांठी दाबण्याचे कारखाने निघाले. आजही कापसाचा हिशेब १७० किलोच्या गांठींत होतो. शेंकडों शेतकऱ्यांचा कापूस एका आवारांत येऊन, सारख्या आकाराच्या गांठी होऊन, भरल्या डब्यानें बंदरास जावयाचा, ही जी व्यवस्था तेव्हां बसली तीच आजच्या एकवट वाहतुकीची आजी म्हणावयास हरकत नाहीं.

त्या काळीं बंदरांत मात्र माल पुनः सुटा होई. गोणी, पिंप, गांठ हमालाच्या पाठीवरून गोदींत आणि गोदींतून जहाजाच्या पोटांत जाई. २६ एप्रिल १९५६ रोजीं मॅल्कम मॅक्लीन ह्या अमेरिकन मालमोटारवाल्यानें न्यूअर्कहून ह्यूस्टनला एका जहाजावरून ५८ पेट्या पाठविल्या, आणि येथून ही रीत पालटूं लागली. माल कारखान्यांत किंवा गांवांत एकदां पेटींत भरला कीं मोटार, आगगाडी व जहाज ह्या तिन्हींवरून ती पेटी न उघडतां जाते. चोरी घटली, फूटतूट घटली, जहाजाचा बंदरांतील खोळंबा आठवड्यांवरून तासांवर आला. मोठ्या व्यापाऱ्यास हें वरदानच ठरलें. लहान उत्पादकास मात्र त्याच सुधारणेनें एक अडचण करून ठेवली. पूर्वीं व्यापाराचें माप गोणी होतें, तें आतां पेटी झालें. ज्याच्यापाशीं पन्नास गोण्या आहेत त्याला जहाज कंपनी दारांतही उभें करीत नाहीं, कारण ती कंपनी पेट्या विकते, पेटींतील कोपरे विकत नाहीं.

हा कोपरे विकण्याचा धंदा ज्यानें पत्करला तो एकवट वाहतूकदार. व्यापारी लोक त्यास कन्सॉलिडेटर म्हणतात. तो जहाज कंपनीकडून पूर्ण पेटीची जागा घेतो, आणि तींत आठ-दहा जणांचा माल रचून प्रत्येकाकडून ज्याच्या त्याच्या मालापुरतें भाडें घेतो. पूर्ण पेटीच्या मालास एफ्.सी.एल्. आणि अशा सुट्या मालास एल्.सी.एल्. हीं आद्याक्षरें सर्व कागदांवर दिसतील. त्यांचा अर्थ एवढाच.

मालाचा प्रवास असा होतो. आपल्या गांवाहून लॉरीनें माल बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनांत, म्हणजे सी.एफ्.एस्.मध्यें, जातो. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि त्याच्या पाठीमागें उरण-पनवेलच्या परिसरांत अशीं अनेक ठाणीं उभीं राहिलीं. तेथें खोकीं मोजून, मापून, वजन करून घेतात. जकातखात्याकडून माल पास झाला म्हणजे वाहतूकदार एकाच देशास जाणारा निरनिराळ्या धन्यांचा माल एका पेटींत रचतो, पेटीस मोहोर लावतो, व पेटी बंदरांत जाते. पलीकडच्या बंदराजवळ अशाच एका ठाण्यांत पेटी उघडते आणि ज्याचा माल त्याच्या स्वाधीन होतो. जो देश लहान, किंवा जेथें आठवड्याला पेटीभर माल जमत नाहीं, तेथला माल आधीं कोलंबो, सिंगापूर, जेबेल अली अशा एखाद्या मोठ्या बंदरांत उतरवून तेथें दुसऱ्या मालाशीं पुनः एकवटतात. अशा वेळीं आपली खोकीं दोनदां नव्हे तर चारदां हाताळलीं जातात, हें बांधणी करतांना विसरूं नये.

ह्या व्यवहारांत भरणपत्रें दोन होतात. जहाज कंपनी वाहतूकदारास संपूर्ण पेटीचें एक भरणपत्र देते. तें मास्टर बिल. वाहतूकदार आपल्या नांवानें प्रत्येक माल-धन्यास वेगळें भरणपत्र देतो. तें हाउस बिल. शेतकऱ्याच्या हातांत पडतें तें हें दुसरें. ह्यांतील मर्म असें कीं, जहाज कंपनीच्या दृष्टीनें मालाचा धनी तो वाहतूकदार. तुमचें नांव तिच्या वहींत नाहीं. तुम्हीं भाडें रोख चुकतें केलें, परंतु वाहतूकदारानें तें पुढें भरलें नाहीं, तर पेटी अडकते व तींत तुमचा मालही अडकतो. म्हणून स्वस्त दर देणाऱ्या अनोळखी माणसापेक्षां पतीचा माणूस पाहावा. एकाहून अधिक साधनांनीं माल नेणाऱ्यांची नोंदणी १९९३ सालच्या बहुविध वाहतुकीच्या कायद्यान्वयें होते. तो नोंदणीचा दाखला मागण्यांत संकोच मानण्याचें कारण नाहीं.

आतां भाड्याकडे वळूं. सुट्या मालाचें समुद्रभाडें वजनावर किंवा आकारावर, जें अधिक भरेल त्यावर, आकारतात. एक टन वजन किंवा एक घनमीटर जागा हें त्याचें माप. आपला बहुतेक शेतमाल आकारानेंच अधिक भरतो, म्हणजे खरें भाडें जागेचें पडतें. समजा, दहा किलो बेदाण्याचें खोकें ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद व १७ उंच आहे. अशा ५०० खोक्यांचें वजन ५ टन, आणि आकार साडेआठ घनमीटर झाला. त्याच बेदाण्यास २२ सेंटिमीटर उंचीचें, वर पांच बोटें रिकामें राहणारें खोकें वापरलें, तर वजन तेंच राहून आकार ११ घनमीटर होतो. ते अडीच घनमीटर शुद्ध हवेचे. आणि त्या हवेचें भाडें परदेशापर्यंत रोख द्यावें लागतें. खोकीं दिसावयास भरदार असावींत ह्या हौसेपायीं हा खर्च करणारे उत्पादक आमच्या पाहण्यांत आहेत. शिवाय पोकळ खोकें वरच्या थरांच्या ओझ्यानें दबतें, तें निराळेंच.

वीस फुटी पेटीची आंतील जागा सुमारें ३३ घनमीटर असते. रचतांना मोडतोड सोडून २५ ते २८ घनमीटर माल बसतो असें धरावें. चाळीस फुटी पेटी सुमारें ६७ घनमीटरांची. हिशेबापुरतें असें मानूं कीं, एका परदेशी बंदरापर्यंत वीस फुटी पूर्ण पेटीचें भाडें ९०,००० रुपये आहे, आणि सुट्या मालाचा दर घनमीटरास ६,००० रुपये आहे. (हे दर आम्हीं केवळ उदाहरणासाठीं घेतले आहेत, खरे दर महिन्यागणिक पालटतात.) साडेआठ घनमीटरांच्या धन्यास ५१,००० रुपये पडतात, म्हणजे किलोस सुमारें दहा रुपये. मोठीं खोकीं वापरणाऱ्यास ६६,००० पडतात, म्हणजे किलोस तेरा रुपये. पंधरा घनमीटरांवर दोन्ही रीती समान होतात; त्यापुढें अर्धवट भरलेली कां होईना, स्वतःची पूर्ण पेटी घेणेंच स्वस्त. आतां असे तीन शेजारी एकत्र आले तर? त्यांचा माल साडेपंचवीस घनमीटर झाला, पेटी भरली, आणि ९०,००० रुपयांत प्रत्येकाच्या वांट्यास ३०,००० आले. किलोस सहा रुपये. पेटी भरण्याची मजुरी व धावपळ त्यांच्याकडे येईल हें खरें, तरी एकट्यानें दिलेल्या ५१,००० मधून २१,००० रुपये मागें राहिले, आणि वाहतूकदाराचा नफा ज्यांतून निघतो तो पैसा हाच.

त्या नफ्याबद्दल वाहतूकदारास दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. २५ घनमीटर भरले तर त्याच्या हातीं १,५०,००० येतात व पेटी ९०,००० ला पडते. परंतु १२ घनमीटरच मिळाले तर ७२,००० हातीं येऊन घरचे १८,००० जातात. ही जोखीम तो उचलतो. मात्र जोखीम टाळण्याची त्याची एक रीत शेतकऱ्यास भोंवते, ती अशी कीं पेटी भरेपर्यंत तो थांबतो. तुमचा माल ठाण्यांत पडून राहतो, वखारभाडें चढतें, आणि गिऱ्हाईक तिकडे वाट पाहतें. म्हणून दर विचारण्याआधीं दोन गोष्टी विचाराव्या. त्या बंदरासाठीं तुमची पेटी ठराविक वारीं सुटते काय? आणि ती न भरल्यास तुम्ही अर्धी सोडतां कीं पुढच्या जहाजावर ढकलतां? ह्यांचें उत्तर लेखी घ्यावें.

दुसरी एक रीत ह्याहून छपी आहे. कांहीं वाहतूकदार समुद्रभाडें इतकें अल्प सांगतात कीं ऐकणाराच चकित व्हावा. प्रसंगीं भाडें शून्यही सांगतात. हा धर्म नव्हे. जें इकडे सोडलें तें पलीकडच्या बंदरांत पेटी उघडण्याचा आकार, कागदांचा आकार, हाताळणीचा आकार अशा नांवांनीं माल सोडवून घेणाऱ्याकडून वसूल होतें. बिचाऱ्या गिऱ्हाइकास तें आगाऊ ठाऊक नसतें; तो रागावतो तो तुमच्यावर, आणि पुढची मागणी येत नाहीं. ह्यास्तव दोन्ही टोकांचा सर्व खर्च एकाच कागदावर मागावा, आणि पलीकडचा आकार कोण देणार हें गिऱ्हाइकाशीं सौद्यांतच ठरवून टाकावें.

ह्यापुढचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे सोबतीचा माल. पूर्ण पेटींत तुमच्या मालाचें बरेंवाईट तुमच्या हातीं असतें. एकवट पेटींत शेजारी कोण येईल तें तुम्हांस निवडतां येत नाहीं. बेदाण्याच्या शेजारीं कांदा किंवा जिरें आलें तर बेदाण्यास वास लागतो. नीट न वाळलेली हळद पेटींत गेली तर दिवसा पेटीचा पत्रा तापून ओल वाफ होते, रात्रीं तीच छतास थंड होऊन थेंबाथेंबानें खालीं पडते, आणि ज्याची हळद वाळलेली होती त्याच्याही पोत्यांस बुरशी धरते. धान्यांतील खापरा किडीविषयीं ऑस्ट्रेलिया व अमेरिका हे देश अत्यंत कडक आहेत. एका गोणींत ती सांपडली कीं परिणाम पेटीपुरता होतो, गोणीपुरता राहत नाहीं. लांकडी फळ्यांची गोष्ट तशीच. माल ठेवण्याच्या फळ्यांचें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटें तापविलेलें, किंवा मान्य धुरी दिलेलें असून त्यावर तसा शिक्का हवा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दहा धन्यांपैकीं एकानें शेतांतल्याच फळ्या ठोकून पाठविल्या, तर उरलेल्या नऊ जणांचा माल तपासणींत खोळंबतो.

सामायिक जबाबदारीचें टोंकाचें उदाहरण वाचकांनीं वर्तमानपत्रांतून वाचलेंच असेल. २३ मार्च १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२१ च्या त्याच तारखेस 'एव्हर गिव्हन' हें अजस्र जहाज सुवेझच्या कालव्यांत आडवें अडकलें व २९ मार्च रोजीं सुटलें. जहाजवाल्यानें पुढें सामायिक नुकसानीची घोषणा केली. हा समुद्रावरचा फार जुना कायदा आहे. संकटांतून जहाज व माल वांचविण्यास जो खर्च झाला तो जहाजाचा धनी आणि झाडून सारे माल-धनी ह्यांनीं ज्याच्या त्याच्या किंमतीच्या प्रमाणांत सोसावयाचा. हमी दिल्यावांचून माल हातीं येत नाहीं. पूर्ण पेटीच्या धन्यानें हमी दिली कीं त्याची पेटी सुटते. एकवट पेटींत मात्र सर्व धन्यांच्या हमी आल्याशिवाय ती पेटी मोकळी होणें कठीण. एकानें आळस केला तर बाकीचे अडतात. ज्यानें विमा उतरविलेला असतो त्याची हमी विमा कंपनी देते. ज्यानें उतरविलेला नसतो त्यास रोख रक्कम भरावी लागते. सुट्या मालाचा विमा उतरविण्यांत कंजुषी करूं नये असें आम्ही आग्रहानें सांगतों, त्याचें हें कारण.

ताज्या फळांस वरील एकवट रीत फारशी लागू पडत नाहीं, आणि ह्याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. द्राक्षें शून्य अंशाच्या आसपास राखावीं लागतात. केळें तेरा अंशांच्या खालीं गेलें तर त्याची साल काळवंडते. आंब्यासही असाच उबारा लागतो. शिवाय पिकतीं फळें इथिलीन वायु सोडतात व त्यानें शेजारचें फळ अकालीं पिकतें. द्राक्षांच्या खोक्यांतील गंधकाच्या कागदांतून निघणारा वायु दुसऱ्या फळांस डाग पाडतो. एका पेटींत एकच तपमान ठेवतां येतें, म्हणून शीतपेटींत सामान्यतः एकच फळ, एकाच प्रकारचें, भरावें लागतें. चाळीस फुटी शीतपेटींत द्राक्षें सुमारें बारा ते चौदा टन बसतात. एकरीं आठ-दहा टन पीक आलें तरी त्यांतील सर्वच निर्यातीच्या प्रतीचें नसतें, आणि जें असतें तेंही एकाच दिवशीं काढण्याजोगें होत नाहीं. तेव्हां दोन-तीन एकरांच्या बागाईतदाराची पेटी एकट्याच्यानें भरत नाहीं, आणि वाहतूकदार तिचे कोपरे विकत नाहीं.

येथें शेतकऱ्यांनीं स्वतःच एकवटणें हाच मार्ग उरतो. महाराष्ट्रांतील द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनीं १९९१ सालीं 'महाग्रेप्स' हा संघ काढला, तो ह्याच हेतूनें. गांवोगांवच्या संस्थेच्या शीतगृहांत माल गोळा करावा, तो तेथेंच थंड करावा, सारख्या खोक्यांत सारख्या प्रतीनें भरावा, व एका छापाखालीं पाठवावा, अशी ही योजना. पेटी बंदरांत एकवटण्याऐवजीं येथें ती बागेच्या दारांतच एकवटते. अनेक बागांचा माल एका पेटींत घालण्यांत धोकाही आहे, आणि तो २०१० सालीं फार महाग पडला. त्या वर्षीं युरोपांत भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड ह्या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश मर्यादेहून अधिक आढळला. पेट्या अडल्या, निर्यातदार बुडाले, आणि ज्यांनीं तें औषध वापरलें नव्हतें त्यांसही भाव मिळाला नाहीं. अपेडा ह्या सरकारी संस्थेनें 'ग्रेपनेट' ही जी नोंदपद्धति सुरू केली आहे तिचें मोल अशा प्रसंगीं कळतें. प्रत्येक बाग नोंदलेली, तिचा नमुना तोडणीपूर्वीं तपासलेला, आणि खोक्यावरून बागेपर्यंत माग काढतां येण्यासारखा. माग असला तर दोष एका बागेपुरता दाखवितां येतो. माग नसला तर सारी पेटी, किंबहुना सारा जिल्हा, संशयांत सांपडतो. एकत्र भरणाऱ्या प्रत्येक मंडळीनें, मग पीक कोणतेंही असो, असा माग ठेवलाच पाहिजे.

आतां देशांतील प्रवासाकडे पाहूं. बंदरापासून दूरच्या प्रदेशास बंदरच जवळ आणून द्यावें, ह्या कल्पनेनें कोरडीं बंदरें निघालीं. पहिलें १९८१ सालीं बंगळूर येथें झालें. १९८८ सालीं रेल्वेच्या अंगभूत कंटेनर कॉर्पोरेशन स्थापन झालें व पुढील वर्षीं त्यानें रेल्वेचीं सात आगारें आपल्या ताब्यांत घेतलीं. दिल्लीचें तुघलकाबाद, आपल्याकडील नागपूर हीं अशीं आगारें आज सर्वांच्या परिचयाचीं. अशा आगारांत जकातखात्याची तपासणी होऊन पेटीस मोहोर लागते आणि पेटी आगगाडीनें थेट धक्क्यावर जाते. विदर्भांतील उत्पादकानें सुटा माल उरणपर्यंत लॉरीनें धाडावा कीं नागपुरासच पेटी भरावी, हा प्रश्न मालाच्या मापावर अवलंबून आहे. पेटी भरत असेल तर नागपुरांतच भरावी. भरत नसेल तर बंदराजवळ परदेशी जाणाऱ्या मालाची वर्दळ अधिक, तेव्हां तेथें सोबती लवकर मिळतात.

आगगाडीलाही सोबती लागतातच. पंचेचाळीस डब्यांच्या एका गाडीवर वीस फुटी नव्वद पेट्या बसतात. एका आगाराच्या नव्वद पेट्या जमेपर्यंत गाडी उभी राहिली तर पहिली पेटी सडते, आणि अर्धी सोडली तर भाडें अंगावर येतें. जहाजांतून उतरलेल्या निरनिराळ्या गांवांच्या पेट्या वेगळ्या करून गाडी जुळविणें हें बंदरांतील सर्वांत किचकट काम आहे. पश्चिमेकडील मालवाहू लोहमार्गावर ७ जानेवारी २०२१ रोजीं हरियाणांतील न्यू अटेली ते राजस्थानांतील न्यू किशनगढ अशी दीड किलोमीटर लांबीची, पेटीवर पेटी रचलेली गाडी सोडण्यांत आली. एकाच इंजिनामागें दुप्पट माल ओढला म्हणजे दर पेटीमागें खर्च घटावा हें उघड आहे. तो लाभ शेतकऱ्याच्या भाड्यांत कितपत उतरतो, ह्याकडे आमच्यासारख्या संस्थांनीं लक्ष ठेविलें पाहिजे.

भाड्यांत एक अदृश्य रक्कम असते, ती रिकाम्या पेटीची. नाशिककडून शीतपेट्या भरून जातात, परंतु नाशिककडे थंड माल भरून येत नाहीं. म्हणून पेटी न्हावा-शेव्याहून रिकामी येते व भरून जाते, आणि दोन्ही खेपांचे पैसे द्राक्षें देतात. परदेशी सफरचंदें शीतपेट्यांतून ह्याच बंदरांत उतरतात. त्यांपैकीं कांहीं पेट्या जर नाशिक-पुण्याकडील शीतगृहांत उतरल्या, तर त्याच पेट्या द्राक्षांस किंवा डाळिंबांस मिळूं शकतील. जाणाऱ्या मालाचा विचार करतांना येणाऱ्या मालाचा विचार न करणें ही शेतकरी संस्थांची नेहमींची उणीव आहे. निर्यातीच्या सौद्याआधीं तालुक्यांत कोणता आयात माल पेटीनें येतो ह्याची चौकशी केली, तर एखादे वेळीं परतीची पेटी अर्ध्या मोलांत हातीं लागते.

ज्यांचें मन देशांतील बाजारापुरतेंच आहे त्यांस किसान रेल्वेचा अनुभव आठवत असेल. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळाली ते दानापूर ही पहिली गाडी सुटली. तींत किमान मालाची अट नव्हती. वाटेंतील स्थानकांवर चार करंड्या चढवितां-उतरवितां येत, आणि फळभाज्यांच्या भाड्यांत निम्मी सूट होती. अनुदानाची मुदत २०२२ सालीं संपली, आणि तिजबरोबर त्या गाड्यांची भरभराटही ओसरली. माल जमतो हें त्या प्रयोगानें सिद्ध केलें. सवलतीवांचून तो जमवून ठेवणारी मंडळी मात्र गांवोगांव उभी राहिली नाहीं.

वेळेविषयीं एक सूचना. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागल्यावर युरोपास जाणारीं बहुतेक पेटीजहाजें आफ्रिकेस वळसा घालून जाऊं लागलीं, आणि २०२४ च्या हंगामांतील द्राक्षांस सुमारें दहा ते चौदा दिवस अधिक लागले. बेदाण्यास किंवा हळदीस इतका उशीर सोसतो. परंतु उधारीची मुदत आणि विम्याची मुदत त्या हिशेबानें वाढवून घ्यावी लागते. एकवट मालास ठाण्यांतील थांबा वेगळा धरावा.

माल पाठवितांना करावयाच्या गोष्टी थोडक्या आहेत. अनेक शेतकरी मिळून एक पेटी भरणार असतील, तर निर्यातदार म्हणून संस्थेचें एकच नांव व तिचाच आयात-निर्यात क्रमांक असावा, आणि आपसांतला करार माल निघण्यापूर्वीं व्हावा; कोणाचीं किती खोकीं, प्रत कोणती, आणि एखाद्याचा माल नाकारला गेला तर भाड्याचा व परतीचा भार कोणावर, हें त्यांत स्पष्ट लिहावें. प्रत्येक खोक्यावर धन्याची खूण, अनुक्रमांक व एकूण संख्या न पुसणाऱ्या शाईनें घालावी, आणि ती दोन बाजूंस घालावी, कारण रचल्यावर एकच बाजू दिसते. वजनदार खोकीं तळाशीं व दारापासून आंत, हलकीं वर. ठाण्यांत माल देतांना खोकीं समक्ष मोजून पावतीवर संख्या व घनमीटर दोन्ही लिहवून घ्यावे. वाहतूकदाराचें माप आपल्या मापाहून अधिक निघालें तर तेथेंच, माल पेटींत जाण्यापूर्वीं, पुनः मापण्यास सांगावें, कारण पेटी मिटल्यावर तें माप कोणासही पुनः घेतां येत नाहीं. पेटीचा क्रमांक व मोहोरेचा क्रमांक हे दोन्ही हाउस बिलावर आले आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि ते त्याच दिवशीं गिऱ्हाइकास कळवावे.